चिमटा लावलेलं पान

पुन्ता अरेनासच्या वाचनालयात
चौकशीच्या खिडकीशी नेवेन्का मार्तिनिच बसते,
सकाळी नऊ ते दीड.
बाहेर वारा असा, की कोपऱ्याकोपऱ्यावर
माणसांना धरायला दोर बांधलेत.
आत येणारा प्रत्येक जण आधी केस सारखे करतो,
मग प्रश्न.

एकोणीस वर्षांत तिला एवढं कळलंय :
विचारलेला प्रश्न हा नुसता कोट.
आतला माणूस वेगळाच असतो,
आणि बहुतेक वेळा कुडकुडत असतो.

"कोकरांना फेफरं येतं का?"
विचारणाऱ्या बाईकडे एकही मेंढी नव्हती.
सात वर्षांची मुलगी होती, बाकावर बसून
मोज्याचा सुटलेला धागा ओढत.
नेवेन्कानं मेंढ्यांचं पुस्तक दिलं
आणि त्याच्याखाली, चुकून आल्यासारखं, दुसरं एक.
परत आलं तेव्हा मेंढ्यांच्या पुस्तकाची पानं
अजून एकमेकांना चिकटलेली होती.

एक पोरगा व्याज कसं काढतात ते विचारून गेला.
गृहपाठ आहे म्हणाला.
मुद्दल मात्र शेवटच्या पेसोपर्यंत पाठ.

आणि ते दातांचे डॉक्टर :
त्यांना हवी असत ती पुस्तकं
जी त्यांच्याच बाजूनं बोलतात.
दुसरं हातात दिलं
की तापलं भांडं ठेवावं तसं खाली ठेवत, पटकन.

(नेवेन्काचा स्वतःचा फोन
दिवसभर टेबलावर पालथा असतो.
का, ते आपण विचारू नये.)

एलेउतेरिओ बार्रिया यायचा मंगळवारी.
सामुद्रधुनीच्या पाण्याबद्दलचं ते निळ्या बांधणीचं पुस्तक.
भरती-ओहोटी वाचायचा, शेवाळाच्या जाती वाचायचा,
ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून.
दोनशे बारा आलं की बोट ओलं करायचा
आणि दोन पानं एकदम उलटायचा.
पुढे पुन्हा सावकाश : सील मासे, दीपगृहं.
मुलगा खेकड्यांच्या बोटीवर होता त्याचा.
जुलै महिना होता.

एका मंगळवारनंतर त्या दोन पानांना
कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा दिसला.

वर्षाअखेरीला पुस्तकांची मोजणी झाली.
नियमाप्रमाणे नेवेन्कानं चिमटा काढला,
नियमाबाहेर जाऊन पान वाचलं.
एक तक्ता. पाणी किती थंड, माणूस किती वेळ.
जुलैसमोर आकडा होता,
लहान होता.
तिनं चष्मा काढून पुन्हा पाहिला.
मन चिंती ते वैरी न चिंती :
हा माणूस पाच महिने रोज रात्री
मुलाला तासन् तास बुडवत होता,
आणि इथे छापलेलं होतं
की इतका वेळ लागतच नाही.

चिमटा तिनं होता तिथेच लावला.
सांगावं? कोणी विचारलंय?
न विचारलेलं उत्तर देणं
म्हणजे झोपलेल्याच्या तोंडावर दिवा धरणं.
तरी तो आठवडा तिला जेवण गेलं नाही.

मंगळवारी त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं,
चिमट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
चिमट्याचं तोंड आता उलट्या बाजूला होतं.
"वाचलंत?"
"हो."
बराच वेळ फक्त खिडकी वाजत राहिली.
"लांबलचक आहे का?"
"नाही," ती म्हणाली,
"अगदी थोडकं आहे."

तो खुर्चीत मागे टेकला.
इतक्या मंगळवारांत पहिल्यांदा
त्याची पाठ खुर्चीला लागली.

पान त्यानं उघडलं नाही.
चिमटा काढून खिशात टाकला :
घरी लागेल म्हणाला,
पोराचे कपडे धुवायचे राहिलेत.
मग टोपी कानांवर ओढून बाहेर पडला
आणि कोपऱ्यावर पोचताच
दोर धरला.